रिकाम्या पट्ट्यांचं वजन

तोळेमास्तरांना जगातल्या बऱ्याच गोष्टींची किळस होती. कपाच्या काठावर राहिलेला दुसऱ्याच्या ओठांचा डाग, बोलताना खांद्यावर हात टाकणारी माणसं, ओल्या फडक्याचा वास, आणि सगळ्यांत वरचढ म्हणजे "अंदाजे" हा शब्द. अंदाजे किती वाजले असतील, असं कुणी विचारलं की त्यांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं. मास्तर म्हणत असले तरी त्यांनी उभ्या आयुष्यात एकाही शाळेत शिकवलं नव्हतं. त्यांचा धंदा तराजू दुरुस्त करायचा. साधा होकार द्यायचा तरी तो तोळ्यामाशात मोजून देतात, म्हणून बाजारातल्या टवाळांनी त्यांना हे नाव चिकटवलं, आणि ते इतकं बसलं की टपालवालाही तेच विचारत यायचा.

दोन पायऱ्या उतरून त्यांच्या दुकानात जावं लागे. भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या दांड्या, खाली पारड्यांच्या थप्प्या, आणि काचेच्या पेटीत मखमलीवर ठेवलेली पितळी प्रमाण वजनं. त्या वजनांना ते कधी बोट लावत नसत, चिमट्याने उचलत. माणसाच्या बोटाला घाम असतो आणि घामालाही वजन असतं, हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत, आणि सांगताना त्याच्या बोटांकडे बघत. एखादा दुकानदार तावातावाने यायचा, की लोक उगाच माझ्याशी भांडतात, खोटारडे आहेत सगळे. मास्तर म्हणायचे, "आधी काटा टेबलावर ठेव." मग दोन्ही पारडी रिकामी असताना काटा कुठे झुकतो ते बघायचे. रिकाम्या तराजूतल्या या फरकाला पासंग म्हणतात. "पासंग निघालाय तुझ्या काट्यात. लोकांना शिव्या नंतर घाल," असं म्हणून ते कानस हातात घ्यायचे. चाळीस वर्षं त्यांनी हेच केलं.

सहा वर्षांपूर्वी त्यांना रक्ताचा कॅन्सर निघाला. त्यातल्या त्यात बरा प्रकार, असं डॉक्टर म्हणाले. पांढऱ्या पेशींमधलं एक जनुक बिघडतं आणि "वाढा, वाढा" असा हुकूम सोडत बसतं. त्या हुकमाचं तोंड नेमकं बंद करणारी एक गोळी आहे. रोज एक, जेवणावर, जन्मभर. ती घेतली की माणूस म्हातारा होऊन मरतो, कॅन्सरने नाही. दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, त्यात बिघडलेल्या जनुकाचा एक आकडा येतो, तो खाली राहिला पाहिजे.

गोळी भयंकर होती. घशातून उतरताना तिची एक बुळबुळीत चव मागे राहायची, पाठोपाठ पोटात ढवळायचं, सकाळी डोळ्यांच्या पापण्या फुगलेल्या असायच्या. मास्तरांनी सहा वर्षांत एक दिवस चुकवला नाही. रात्री आठला जेवण, आठ वीसला गोळी, त्यावर पेलाभर पाणी, आणि मग अर्धा तास भिंतीला पाठ लावून, दात आवळून, उलटी न होऊ देण्याचं काम. रिकामी झालेली पट्टी ते पुसून खोक्यात ठेवत. कशाला ठेवता, असं मुलीने एकदा विचारलं होतं. "असू दे. कुणी विचारलं तर," ते म्हणाले. मुलीने कपाळाला हात लावला. आई गेल्यापासून घरात ती आणि मास्तर दोघंच होते, आणि कपाळाला हात लावणं हे तिचं रोजचं काम झालं होतं.

रक्त द्यायला रुग्णालयात गेलं की एका लांब बाकड्यावर बसावं लागे. तिथे त्यांची एका शिवणकाम करणाऱ्या बाईशी ओळख झाली. तिशीतली, कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवणारी, बोटाला कायम सुई टोचलेली. तिला हाच आजार, हीच गोळी. ती त्यांना काका म्हणायची. ती खांद्यावर हात टाकत नसे आणि वायफळ बोलत नसे, म्हणून मास्तरांना ती चालायची.

दीड वर्षापूर्वी तिचा आकडा वर गेला. समुपदेशनाच्या खोलीतून ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"काका, आतल्या बाई म्हणतात मी गोळ्या चुकवते. मी नाही हो चुकवत. एक दिवस नाही."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. साडेचार वर्षांचं आठ वीस त्यांच्या अंगात भिनलेलं. गोळी घेतली की आकडा खाली राहतो, हे त्यांनी स्वतःवर सिद्ध केलेलं. "हे बघ पोरी," ते म्हणाले, "गोळी खोटं बोलत नाही. माणूस बोलतो. विसरली असशील, त्यात एवढं काय? पण खोटं बोलू नकोस. मला खोट्याची शिसारी आहे."

पुढच्या खेपेला मास्तरांनी तिला सात खणांची प्लास्टिकची डबी आणून दिली. झाकणावरचे वार पुसट होते, म्हणून डावीकडून सोमवार सुरू करायचं, असं नीट समजावलं. तिने ती दोन्ही हातांनी घेतली. त्या दिवशी ती समुपदेशनाच्या खोलीतून पाच मिनिटांत बाहेर आली.

"झालं इतक्यात?" मास्तरांनी विचारलं.

"हो म्हटलं. विसरते म्हटलं," ती म्हणाली. "हो म्हटलं की लवकर सोडतात काका. नाही म्हटलं की तासभर बसवतात, मग कारखान्यात अर्धा दिवस बुडतो."

मास्तरांच्या कानांनी त्यातलं फक्त "विसरते" तेवढं उचललं. चला, कबूल तरी केलं, असं त्यांना वाटलं, आणि तसं वाटल्याचं समाधानही झालं. पुढच्या तीन महिन्यांनी ती बाकड्यावर नव्हती. आजार एकदम उलटला, दाखल केल्यावर अकरा दिवसांत गेली, असं कळलं. बाकड्यावरचे सगळे चुकचुकले. गोळीशी चेष्टा केली, असं कुणीतरी म्हणालं. ते कुणीतरी म्हणजे मास्तरच होते.

आणि मग यंदा मास्तरांचा आकडा वर गेला.

समुपदेशक बाईंची खोली जिन्याखाली होती. तिथे गोड वासाचा फवारा मारलेला असायचा, आणि त्या गोडाखालून फिनेलचा वास डोकं काढायचा. बाईंनी ओल्या कागदी रुमालाने हात पुसत पुसत मान तिरकी केली, लहान मुलाकडे बघावं तशी.

"काय आजोबा, गोळ्यांना दांडी मारतोय ना आपण?"

मास्तर एकसष्ट वर्षांचे होते. त्यांना आजोबा म्हणण्याइतकं कुणाचं अजून धाडस झालं नव्हतं, आणि या "आपण" मध्ये त्यांना कुणी सामील करून घेतलेलंही नव्हतं. "एकही चुकवलेली नाही," ते म्हणाले.

"सगळे असंच म्हणतात." बाईंनी तपासणीचा अर्ज त्यांच्याकडे वळवला. त्यावर एक चौकोन होता, गोळ्या नियमित की अनियमित. अनियमितवर आधीच खूण केलेली होती. शाई वाळलेली होती. मास्तर आत येण्याआधीच त्यांचा निकाल लागला होता.

नियम बाईंनीच सांगितला. गोळी नियमित घेऊनही आकडा वाढला, तरच जनुकाची पुढची तपासणी पाठवतात. ती किचकट असते, दूरच्या प्रयोगशाळेत होते, उगाच पाठवता येत नाही. अनियमित असेल त्याला आधी तीन महिने गोळी नीट घ्यायला लावायची आणि मग पुन्हा बघायचं.

"आणि या तीन महिन्यांत आजार उलटला तर?"

"म्हणूनच सांगते, नीट घ्या," बाई म्हणाल्या आणि पुढच्याला हाक मारली.

मास्तर घरी आले ते तळपायाची आग मस्तकात घेऊनच. आजाराची भीती होती, नाही असं नाही. पण भीतीच्या वर किळसेचा जाड थर बसला होता. गोड फवाऱ्याची किळस, ओल्या रुमालाची किळस, त्या वाळलेल्या शाईची तर सगळ्यांत जास्त. त्या रात्री गोळी गिळल्यावर ते भिंतीला टेकले असताना मुलगी मागच्या खोलीत खोकी उघडून काहीतरी करत होती. पट्ट्यांचा कुरकुर आवाज येत होता.

"काय चाललंय?"

ती दारात आली. "मोजत होते, बाबा. तुम्ही रागावू नका. हल्ली तुम्ही चावी विसरता, परवा दूध गॅसवर..."

"दूध आणि गोळी एक आहे का?" ते ओरडले. ओरडल्यामुळे गोळी वर येऊ लागली. त्यांनी तोंडावर हात दाबला आणि ती पुन्हा गिळली. मुलगी म्हणाली, "चुकले मी." पण तिने मोजलं होतं, आणि ते त्यांच्या डोक्यातून गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी पोत्यात सगळ्या पट्ट्या भरल्या, दुकानातला सर्वांत बारीक काटा पेटीत घातला आणि रुग्णालय गाठलं. समुपदेशक बाईंच्या टेबलावरचा फवारा बाजूला सारून त्यांनी काटा मांडला, तळ समपातळीत आणला, रिकामं पारडं शून्यावर आहे हे बाईंना वाकून बघायला लावलं. मग एक पट्टी ठेवली. "एक पूर्णांक सहा दशांश ग्रॅम. लिहा." मग पोतं. पोत्याचं वजन आधीच वजा केलेलं. "तीनशे साठ ग्रॅम. म्हणजे दोनशे पंचवीस पट्ट्या. बावीसशे पन्नास गोळ्या. सहा वर्षं दोन महिने. पहिली गोळी कधी घेतली ते तुमच्याच कागदावर आहे. करा हिशेब."

दारात दोन परिचारिका येऊन उभ्या राहिल्या. बाई काट्याकडे बघत होत्या, आणि खरं सांगायचं तर क्षणभर त्या हबकल्या होत्या. मग त्यांनी मान हलवली.

"आजोबा, पट्टी रिकामी आहे म्हणजे गोळी पट्टीतून बाहेर आली, एवढंच. ती पोटात गेली का बेसिनमध्ये गेली, हे तुमचा काटा सांगतो का?"

मास्तरांना चाळीस वर्षांत काट्यावरून कुणी निरुत्तर केलं नव्हतं. बाईंचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच त्यांना जास्त लागलं. त्यांनी पेटी बंद केली आणि म्हणाले, "ठीक. उद्यापासून तुमच्यासमोर गिळतो."

बाईंना वाटलं, म्हातारा बोलून गेला. पण दुसऱ्या दिवशी मास्तर सकाळी साडेनऊला हजर. डबा उघडून टेबलाच्या कोपऱ्यावर चार घास खाल्ले, गोळी जिभेवर ठेवून दाखवली, पाणी प्यायले, तोंड उघडलं, जीभ वर केली, बाजूला केली. "सही करा." बाईंनी तोंड वाकडं करून सही केली. मग मास्तर तिथेच कोपऱ्यातल्या खुर्चीवर अर्धा तास बसले, गोळी उलटून पडली असं उद्या कुणी म्हणू नये म्हणून. असं रोज. पंधराव्या दिवसापर्यंत कोण कोणाला जास्त किळसवाणं वाटत होतं हे सांगणं कठीण होतं.

पण त्या खुर्चीवर बसून मास्तरांनी एक गोष्ट पाहिली. सकाळी प्रयोगशाळेतून आकड्यांचा गठ्ठा यायचा. बाई रोग्यांना बोलावण्याआधी अर्ज तयार करायच्या. आकडा खाली असेल तर नियमित. आकडा वर असेल तर अनियमित. टक, टक, टक. पेन थांबतसुद्धा नव्हतं.

"हे तुम्ही त्यांना न विचारताच लिहिता?" मास्तरांनी विचारलं.

"वेळ वाचतो. बाहेर साठ माणसं असतात," बाई म्हणाल्या. मग जरा नरमून, "आणि दहातली सात खरंच चुकवतात हो. तुम्हाला काय माहीत."

"आणि उरलेली तीन?"

"तीही शेवटी कबूल करतात."

हो म्हटलं की लवकर सोडतात काका. वाक्य जसंच्या तसं मास्तरांच्या कानात आलं, त्या पोरीच्या आवाजात. पासंग डोळ्यांसमोर होता. रिकामं पारडंच एका बाजूला झुकलेलं होतं, आणि त्यावर ठेवलेल्या प्रत्येक माणसाचं वजन खोटं येत होतं. ती पोर त्याच पारड्यात बसली होती. आणि चाळीस वर्षं पासंग काढून पोट भरणाऱ्या माणसाने तिला काय दिलं, तर एक डबी आणि खोटं न बोलण्याचा उपदेश. ते उठले, बाहेरच्या बेसिनपाशी गेले आणि काठ धरून उभे राहिले. त्याही दिवशी त्यांनी गोळी बाहेर पडू दिली नाही.

तीस सह्यांचा कागद बघून डॉक्टरांनी तीन महिने न थांबता पुन्हा रक्त तपासलं. आकडा आणखी वर गेला होता. आता अनियमितच्या खुणेला जागाच उरली नव्हती. बाईंनी दुसऱ्या चौकोनात खूण केली आणि जनुकाची तपासणी रवाना झाली. निकालाला सतरा दिवस लागले. त्या सतरा दिवसांत मास्तरांना रात्री घाम फुटायला लागला, बरगडीखाली प्लीहा हाताला लागायला लागली, आणि मुलगी न बोलता त्यांच्या चाव्या जागेवर ठेवू लागली.

निकाल सांगताना डॉक्टर खुर्ची पुढे ओढून बसले. "काका, तुमचं बरोबर होतं. बिघडलेल्या जनुकात आणखी एक बदल झालाय. एका अक्षराएवढा. गोळी जिथे जाऊन बसते, त्या खाचेचा आकारच त्यामुळे बदलला. गोळी जाते, पण बसत नाही. तुम्ही रोज घेत होतात, आणि गेले काही महिने ती तुमच्या उपयोगाचीच नव्हती."

हे मास्तरांना एका झटक्यात समजलं. तराजूच्या दांडीला खाली एक धार असते, ती खाचेत बसते. खाचेत केसाएवढी चीर आली की दांडी वरून ठाकठीक दिसते, पण बसत नाही. मुलीने घाबरून विचारलं, "म्हणजे हे माझ्यातही येणार?" डॉक्टर म्हणाले, नाही, हा बदल फक्त आजारी पेशींमधला आहे, जन्माने आलेला नाही, पुढे जात नाही. या बदललेल्या खाचेतही बसेल अशी दुसरी गोळी आहे, ती आजच सुरू करू. अजून वेळ गेलेली नाही. मुलीने रडायला सुरुवात केली. "नेट धरलात म्हणून बरं झालं," डॉक्टर म्हणाले आणि मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला.

मास्तरांनी तो हात बाजूला केला. "तिचं रक्त तपासा," ते म्हणाले.

"कुणाचं?"

त्यांनी सांगितलं. डॉक्टरांनी कपाटातून कागद काढायला लावले. नमुना वर्षभर ठेवतात, मग टाकून देतात. तिचा दोन महिन्यांपूर्वी टाकला होता. कागदावर एवढंच होतं: अनियमित, रुग्णाने स्वतः कबूल केले. डॉक्टर म्हणाले, "आता काही सांगता येणार नाही, काका. तिच्यातही हाच बदल असेल, किंवा नसेलही. अर्ज मात्र आम्ही बदलू." मास्तरांनी मान डोलावली. बदलतील, नाही बदलतील. त्यांना आता त्या इमारतीच्या भिंतींचीसुद्धा शिसारी आली होती, आणि स्वतःची त्याहून जास्त.

तिचा पत्ता बाकड्यावरच्या लोकांकडून मिळाला. तिसरा मजला, जिन्यात सायकली. तिच्या नवऱ्याने दार उघडलं. सडपातळ, दाढी वाढलेला, हातात अर्धवट घासलेलं भांडं. मास्तरांनी ओळख सांगितली.

"म्हणजे डबी दिलेले काका तुम्हीच," तो म्हणाला. आवाजात आदर होता, आणि तो मास्तरांना सहन झाला नाही. "तुम्ही खूप केलंत. तिनेच ऐकलं नाही. तिची आई म्हणते, स्वतःच्या हाताने गेली. मीही तेच म्हणतो. काय करणार? हे बघा."

त्याने फळीवरून डबी काढली. सात खण. तीन रिकामे, चारांत एकेक गोळी, वरचं आवरण पिवळं पडलेलं. "ही बघा. आठवड्याच्या चार गोळ्या तशाच. मी ठेवलीय मुद्दाम. फार आठवण आली की काढतो, या चार बघतो, मग राग येतो. राग आला की बरं वाटतं."

मास्तरांनी डबी हातात घेतली. उघड्या बोटांनी.

"तिला रुग्णालयात नेलं तो वार कुठला होता?"

"बुधवार. सकाळी चहाबरोबर पाव खाल्ला, तयार झाली, आणि दुपारी कारखान्यातूनच थेट नेली." मग त्याने विचारलं, "का?"

"गोळी कधी घ्यायची ती?"

"सकाळी. खाल्ल्यावर लगेच."

मास्तरांनी डबी त्याच्यासमोर धरली आणि डाव्या टोकाच्या खणावर बोट ठेवलं. "हा सोमवार. मीच तिला सांगितलं होतं, डावीकडून सुरू कर म्हणून. सोमवार रिकामा. मंगळवार रिकामा." बोट तिसऱ्या खणावर आलं. "बुधवार."

पुढच्या चार खणांवर बोट ठेवायची गरज पडली नाही. नवऱ्याच्या हातातल्या भांड्यातून साबणाचं पाणी फरशीवर ठिबकत राहिलं.

"पण रिकामा खण म्हणजे तिने घेतलीच असं कशावरून?" तो शेवटी म्हणाला. त्याचा आवाज विनवणीचा होता. वर्षभर ज्या रागावर त्याने दिवस काढले होते, तो राग त्याला सोडवत नव्हता. "फेकली असेल. टाकून दिली असेल."

हाच प्रश्न मास्तरांना जिन्याखालच्या खोलीत विचारला गेला होता, आणि त्याला तेव्हाही उत्तर नव्हतं. आता तर काटा नव्हता, सही नव्हती, रक्तही उरलं नव्हतं.

"ती घेत होती," मास्तर म्हणाले. "तिने मला सांगितलं होतं."

नवऱ्याने भांडं खाली ठेवलं. "कधी?"

"बाकड्यावर. रडत सांगितलं. मी तिला खोटारडी म्हणालो."